खारजमिनीतला स्फुरद आणि कोळशाचा बाजार

ऑक्टोबर २०२१ मध्ये चीनने फॉस्फेटयुक्त खतांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हापासून डीएपी या खताने दिल्लीतल्या खत मंत्रालयाची झोप उडवली आहे. २०२४ च्या रब्बी हंगामाच्या तोंडावर अनेक राज्यांत खताच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. जुलै २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांनी सौदी अरेबियाच्या मादेन या कंपनीशी वर्षाला ३१ लाख टन डीएपीचा पाच वर्षांचा करार केला, त्यामागेही हीच विवंचना होती. फॉस्फेटचा खडक आपल्याकडे राजस्थानात आणि मध्य प्रदेशात थोडाफार निघतो. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठा मात्र एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहे. देशात लागणारे डीएपी एक तर तयार गोणीच्या रूपाने बाहेरून येते, नाही तर त्याचा कच्चा माल तरी बाहेरून येतो. पन्नास किलोची गोणी शेतकऱ्याला १३५० रुपयांत मिळावी म्हणून सरकार जे अनुदान मोजते, ते अखेर परदेशी खडकाचे आणि परदेशी आम्लाचे मोल असते.

इतक्या महागामोलाचे हे खत जमिनीत पडल्यावर त्याचे पुढे काय होते, याची चर्चा क्वचितच होते. आणि ज्या जमिनीत ते सर्वांत अधिक वाया जाते, त्या जमिनीची तर होतच नाही. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाडीकाठाने पसरलेली कोकणातील खारजमीन ही अशांपैकी एक. सुमारे ६५ हजार हेक्टरांची ही जमीन पिढ्यान् पिढ्यांच्या कष्टाने बांध घालून समुद्राकडून मिळवलेली आहे. पेण, अलिबाग, उरण, पनवेल या तालुक्यांत तर खार हीच भाताची मुख्य शेते. या जमिनीत जुलै-ऑगस्टमध्ये एक दृश्य नेहमी दिसते. खत दिलेले असते, पाणी भरपूर असते, तरीही रोप खुजे राहते, पाने गडद हिरवी आणि जुनी पाने तांबूस-जांभळट होतात, फुटवे येत नाहीत. शेतकरी याला ‘खार लागला’ म्हणतो. ते खरेच आहे. पण त्या खारामागे स्फुरदाची उपासमार दडलेली असते, हे गोणी विकणारा सांगत नाही.

अलीकडे या दुखण्यावर बायोचार, म्हणजे हवेच्या कमतरतेत भाजून केलेला जैविक कोळसा, हा उपाय म्हणून पुढे येत आहे. चीनच्या ईशान्येकडील सोंगनेन मैदानातील आणि पीत नदीच्या मुखाजवळील खारट जमिनींत त्यावर बरेच संशोधन झाले आहे. दुसरीकडे जागतिक कार्बन बाजाराने याच कोळशाला भाव आणला आहे. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने वराह या भारतीय कंपनीकडून २०३० पर्यंत एक लाख टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीची बायोचारची श्रेयपत्रे घेण्याचे जाहीर केले, त्या वेळी वर्तमानपत्रांत शेतकऱ्यांच्या सुपीक होणाऱ्या जमिनीचाही उल्लेख झाला. एका बाजूला खारातला अडकलेला स्फुरद, दुसऱ्या बाजूला कोळशाला मिळणारे डॉलर, अशी ही सोयरीक वरवर पाहता जुळून आलेली दिसते. ती जितकी सोपी दाखवली जाते तितकी सोपी नाही. बाजाराला जो कोळसा हवा आहे आणि खारजमिनीला ज्याची गरज आहे, ते दोन वेगळे कोळसे आहेत.

हे समजण्यासाठी स्फुरदाचा स्वभाव आधी ध्यानात घ्यावा लागतो. नत्र पाण्याबरोबर वाहते, पालाशही बऱ्यापैकी हलतो. स्फुरद मात्र जिथे पडतो तिथेच बसतो. तो मुळाकडे चालत येत नाही, मुळाला त्याच्याकडे जावे लागते. खारट पाण्यात मुळांची वाढच खुंटली की रोपाचा स्फुरद तिथेच तुटतो, मग माती परीक्षणाच्या कागदावर त्याचा आकडा कितीही असो. त्यात समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भर घालतात. विद्राव्य स्फुरद त्यांच्याशी संयोग पावून न विरघळणाऱ्या रूपात जातो. मीठ वाढले की सेंद्रिय पदार्थातील स्फुरद मोकळा करणारे सूक्ष्म जीवही मंदावतात.

भातखाचराची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. खाचरात पाणी साचले की काही दिवसांतच मातीतला प्राणवायू संपतो. मग जिवाणू गंजलेल्या लोहातील प्राणवायूवर गुजराण करू लागतात, आणि त्या लोहाने धरून ठेवलेला स्फुरद मोकळा होतो. भाताला पाण्यात उभे राहून जो स्फुरद मिळतो, त्यातला मोठा वाटा या निसर्गदत्त सवलतीचा असतो. पाणी ओसरले, माती भेगाळली की लोह पुन्हा गंजते आणि मोकळा स्फुरद पुन्हा कैद होतो. भाताच्या मुळातून थोडा प्राणवायू बाहेर झिरपतो, त्यामुळे मुळावरच गंजाचा तांबूस लेप चढतो आणि तोही स्फुरदाला अडवतो. खारजमिनीत याच्या जोडीला समुद्राने आणलेले सल्फेट असते. त्याचे सल्फाइड झाले की ते लोहाला आपल्याकडे ओढते आणि सारा हिशेब पुन्हा बदलतो.

या घडामोडींचा व्यवहारातील एक परिणाम महत्त्वाचा आहे. मृद आरोग्य पत्रिकेसाठी नमुना बहुधा उन्हाळ्यात घेतला जातो. त्या वेळी खारजमीन कोरडी असते, मीठ वर आलेले असते, लोह गंजलेले असते. पीक मात्र उभे असते ते ऑगस्टच्या चिखलात. अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसाने तोवर वरच्या थरातले मीठ धुतलेले असते आणि मातीचा सामू सातच्या आसपास येऊ लागलेला असतो. एकाच शेताच्या या दोन अवस्था म्हणजे स्फुरदाच्या दृष्टीने जवळजवळ दोन वेगळ्या जमिनी. मेमधल्या कागदावरून ऑगस्टमधल्या रोपाला खत ठरवण्याची ही पद्धत, केवळ खारापुरती का होईना, बदलायला हवी. तिला फारसा खर्चही लागणार नाही.

आता कोळशाकडे. जैविक कोळसा या साखळीत तीन ठिकाणी उपयोगी पडू शकतो. त्याच्या राखेत स्वतःचा थोडा स्फुरद आणि बराचसा पालाश असतो. त्याचे छिद्राळ पृष्ठभाग कॅल्शियम, लोह, सोडियम यांना काही अंशी धरतात आणि स्फुरदाला मोकळीक देतात. शिवाय सूक्ष्म जीवांना आसरा आणि मुळांना भुसभुशीत जागा मिळते. चिकणमातीच्या खारात हा शेवटचा लाभ कदाचित सर्वांत मोठा ठरावा. आम्लधर्मी जमिनीत कोळशाच्या राखेने सामू वर चढतो आणि लोह-ॲल्युमिनियमच्या तावडीतून स्फुरद सुटतो. सिद्धान्त म्हणून यात शंका घेण्यासारखे काही नाही.

पण सिद्धान्ताला मर्यादा असतात आणि त्या मोजल्या गेल्या आहेत. जर्मनीतील ब्रूनो ग्लासर आणि व्हेरेना लेर यांनी २०१९ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. बायोचारमुळे पिकाला उपलब्ध होणारा स्फुरद सरासरी ४.६ पट झाला, हे त्यातले वाक्य पुढे सर्वत्र उद्धृत झाले. त्याच आढाव्यातील पुढची वाक्ये मात्र तितकी फिरली नाहीत. आम्लधर्मी जमिनीत ही वाढ ५.१ पट, उदासीन जमिनीत २.४ पट होती. विम्लधर्मी, म्हणजे सामू साडेसातच्या वर असलेल्या जमिनीत मात्र उल्लेखनीय परिणाम आढळला नाही. हेक्टरी १० टनांपेक्षा कमी कोळसा घातला असता फरक पडला नाही. आणि ६०० अंश सेल्सियसहून अधिक तापमानाला भाजलेल्या कोळशाचाही स्फुरदावर परिणाम दिसला नाही. बायोचारच्या जाहिरातीत पहिला आकडा असतो, उरलेले नसतात.

यातला पहिला निकष लावला तरी खारजमीन ही एकच वस्तू राहत नाही. सोंगनेनची जमीन सोड्याने चोपण झालेली, तीव्र विम्लधर्मी. तिथले निष्कर्ष उचलून पेणला लावणे म्हणजे विदर्भातली शिफारस दापोलीत राबवणे. रायगडच्या खारजमिनी बहुतांशी उदासीन ते किंचित विम्लधर्मी आहेत. तिथे लाभ होईल, पण दुपटी-तिपटीची अपेक्षा ठेवून चालणार नाही. जिथे सामू आठकडे झुकलेला आहे तिथे बहुधा काहीच पदरात पडणार नाही, उलट राखेतल्या क्षारांची भरच पडेल. भाताच्या पेंढ्याच्या कोळशात पालाश आणि क्लोराइड भरपूर असतात. भात हे पीक खाराला हळवे. मातीची क्षारता ३ डेसिसिमेनच्या पुढे गेली की त्याचे उत्पन्न घटू लागते. अशा जमिनीत न धुतलेला पेंढ्याचा कोळसा टाकणे म्हणजे दुखण्यावर मीठ चोळणे, तेही शब्दशः.

गोव्यातील खाजणांची गोष्ट निराळी आहे. तिथली माती बऱ्याच ठिकाणी खारट असूनही आम्लधर्मी आहे. केरळच्या पोक्काळी जमिनीही त्याच जातीच्या. अशा जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट बांधून ठेवतात आणि कोळशाच्या राखेचा विम्लगुण नेमका तिथे कामी येतो. म्हणजे बायोचारची पहिली कसून चाचणी व्हायची तर ती खाजणांत आणि कोकणातल्या अशाच आम्लधर्मी खारांत व्हायला हवी. कोकण कृषी विद्यापीठाचे पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्र आणि गोव्यातील भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था यांनी खारसहनशील भाताच्या जाती दिल्या आहेत. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती शेतकऱ्यांच्या परिचयाच्या आहेत, आणि गोव्यात कोरगुट या स्थानिक भातातून निवड करून नव्या जाती तयार झाल्या. जातींवर झालेले हे काम मोलाचे आहे. रोपाला मीठ सोसायला शिकवण्यात जितकी वर्षे गेली, तितके लक्ष त्या रोपाच्या पायाखालच्या स्फुरदाकडे गेले असते, तर आज दुसऱ्या देशांचे निबंध वाचून अंदाज बांधण्याची वेळ आली नसती.

तापमानाचा निकष मात्र विज्ञानाबरोबरच अर्थकारणाचाही प्रश्न आहे आणि खरी मेख तिथेच आहे. कार्बन बाजार कोळशाला पैसे देतो ते तो जमिनीत शेकडो वर्षे न कुजता टिकतो म्हणून. जितका कडक भाजाल तितका कोळसा टिकाऊ, त्यातला हायड्रोजन तितका कमी, आणि श्रेयपत्राचे मोल तितके पक्के. म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था कोळशातील हायड्रोजन व कार्बन यांचे गुणोत्तर तपासतात. ६००-७०० अंशांची भट्टी ही या बाजाराला सोयीची. शेताच्या बांधावर वापरता येणारी शंकूच्या आकाराची साधी भट्टीही ज्वालेच्या पडद्याखाली याच तापमानाला पोचते. तिला धूर कमी, हे तिचे भूषण. परंतु स्फुरदाच्या दृष्टीने हीच कडक भाजणी अडचणीची. तापमान चढत गेले की कोळशाच्या पृष्ठभागावरील आम्लगट जळून जातात आणि त्यातला स्फुरद कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या कठीण स्फटिकांत अडकतो. खाराला हवा असलेला कोळसा ४००-५०० अंशांचा, मऊ, काहीसा अर्धवट. तो मिळवायचा तर बाजाराचे मोल थोडे सोडावे लागते. हे मोल कोणी सोडावे, यावर करारांच्या बातम्यांत एक ओळही नसते.

आणखी एक बाब. श्रेयपत्र मिळण्यासाठी कोळसा पुन्हा जाळला जाऊ नये, ही अट आहे. साहजिकच तो कायमचा पुरून ठेवायला शेतजमिनीइतकी सोयीची जागा दुसरी नाही. काही ठिकाणी शेतकऱ्याला कोळसा फुकट देऊ केला जातो, तो या कारणाने. फुकट मिळतो म्हणून नाकारावा असे नाही. पण ज्या वस्तूचे मोल ती जमिनीत पडल्याच्या छायाचित्रावर ठरते, तिने भात पिकला की नाही याची चौकशी करण्यात विकणाऱ्याला स्वारस्य नसते. आणि कोळसा एकदा मातीत मिसळला की परत काढता येत नाही. टिकाऊपणा हा त्याचा गुण. चुकीच्या जमिनीत तोच दोष.

आता हेक्टरी दहा टनांचा हिशेब मांडून पाहावा. खारात हेक्टरी अडीच टन भात धरले, तर त्यातून सुमारे पाचशे किलो तूस निघते. ते भाजले की दोनशे किलोच्या आतबाहेर कोळसा हाती येतो. म्हणजे एका हेक्टराला दहा टन कोळसा घालायचा तर त्याच हेक्टराचे पन्नास वर्षांचे तूस लागेल. तेही तूस मोकळे पडलेले नाही. ते गिरणीतून वीटभट्टीवर आणि बॉयलरखाली जाते आणि त्याला भाव आहे. पेंढा अधिक निघतो खरा. पंजाब-हरियाणात तो शेतातच पेटवला जातो म्हणून बायोचारच्या साऱ्या योजना त्याच्याकडे बोट दाखवतात. कोकणात पेंढा जाळत नाहीत. तो गुरांच्या दावणीला जातो, उरलेला मुंबईच्या तबेल्यांकडे. पंजाबची अडचण गृहीत धरून आखलेला उपाय कोकणात आणला की इथे नवी अडचण उभी राहते, ती गुरांच्या वैरणीची.

मग कोळसा कशाचा करायचा? आंब्या-काजूच्या छाटणीचा, नारळाच्या सोडणांचा आणि झावळ्यांचा, असे उत्तर दिले जाते आणि ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. परंतु खारजमिनीच्या सर्वांत जवळ उभे असलेले लाकूड कांदळवनाचे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यभरातील कांदळवनांच्या तोडीवर पूर्ण बंदी घातली. कोळशाला डॉलरचा भाव आला की या बंदीची परीक्षा कोणत्या खाडीवर होईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

कोकणाला हा वाद नवा नाही. भाताच्या रोपवाटिकेवर शेण, टाहाळ, पातेरा आणि गवत पसरून उन्हाळ्यात राब भाजण्याची इथली रीत जुनी आहे. त्यातून राख आणि थोडा कोळसा मातीत मिसळतो, तणाचे बी मरते आणि रोपाला सुरुवातीचा स्फुरद मिळतो. बायोचारचे पहिले बीज इथेच होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण राबात राखच अधिक आणि धुराचा, जंगलाच्या ऱ्हासाचा दोषही मोठा. पण त्याचा इतिहास बोलका आहे. इंग्रजी अमलात वनखात्याने झाडपाला तोडण्यावर निर्बंध आणले तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष माजला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वनविषयक तक्रारींसाठी आयोग नेमावा लागला. राब हा त्या आयोगापुढचा एक मुख्य विषय होता. भाजण्याची विद्या सर्वांना ठाऊक होती. भांडण होते ते भाजण्यासाठीचा टाहाळ कोणाच्या मालकीचा यावर. दीडशे वर्षांनी तंत्र बदलले, प्रश्न तसाच उभा राहतो आहे.

भट्टीवर काम कोण करणार, हाही त्यातलाच प्रश्न. रायगड आणि ठाण्यातील कातकरी कुटुंबे वर्षानुवर्षे उचल घेऊन कोळसाभट्ट्यांवर आणि वीटभट्ट्यांवर जात आली आहेत. ती उचल कधीच फिटत नाही, मुलांची शाळा सुटते, आणि वेठबिगारीची प्रकरणे अधूनमधून उघडकीस येतात. कार्बनच्या श्रेयपत्रात कोळशाचे गुणोत्तर दोन दशांशांपर्यंत मोजले जाते. भट्टीजवळच्या मजुराची मजुरी त्याच काटेकोरपणे मोजली जावी अशी अपेक्षा बाळगणे गैर नाही.

एवढे सारे सांगितल्यावर बायोचार खारात निरुपयोगी ठरतो असा अर्थ कोणी काढू नये. दहा टनांचा आकडा सबंध हेक्टराचा आहे. एक हेक्टर लावणीला सुमारे दहा गुंठे रोपवाटिका पुरते. तिथे त्याच प्रमाणाने एक टन कोळसा लागतो, आणि तो एकदाच घालायचा असतो. एक टन ही शेतकऱ्यांच्या गटाला आपल्या बागेच्या छाटणीतून दोन-तीन वर्षांत साधता येण्याजोगी गोष्ट आहे. कोळसा कोरडा न टाकता शेणखतात मुरवून घातला, तर त्याच्या छिद्रांत आधीच स्फुरद आणि जिवाणू भरलेले असतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील प्रसिद्ध काळ्या मातीचे गुपितही नुसत्या कोळशात नव्हते. तिच्यातला विपुल स्फुरद माशांच्या काट्यांतून, हाडांतून आणि मलमूत्रातून आलेला आहे. कोकणच्या खाडीकाठाला मासळीच्या खताची ओळख करून देण्याची गरज नाही. रोपाने पहिल्या तीन आठवड्यांत पुरेसा स्फुरद साठवला, तर खारात लावल्यावर त्याची मुळे लवकर पसरतात. लावणीपूर्वी मुळे सुपर फॉस्फेटच्या रबडीत बुडवण्याची जुनी शिफारस याच तत्त्वावर बेतलेली आहे. जिथे रोप न लावता मोड आलेले बी फेकून रहू पेरला जातो, तिथे मात्र हा मार्ग बंद होतो आणि दुसरा शोधावा लागतो. असे प्रयोग शेतावर, निदान तीन हंगाम, सामू आणि क्षारता महिन्यागणिक मोजून झाले, तरच त्यांना शिफारशीचा दर्जा देता येईल.

या सगळ्याच्या आधी मात्र बांध आहे. खाऱ्या पाण्याला अडवणारा बाहेरकाठा आणि पावसाचे पाणी बाहेर सोडणारी उघाडी सुस्थितीत असतील, तर कोकणचा पाऊस फुकटात जेवढे मीठ धुतो तेवढे कोणताही कोळसा धरू शकत नाही. उलट बाहेरकाठ्याला खांड पडली आणि एका उधाणाचे पाणी शेतात शिरले, की त्या वर्षीचा कोळसा, खत आणि बियाणे यांना अर्थ उरत नाही. जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते ही दोन वादळे पाठोपाठ आली, तेव्हा खाडीकाठाने याचा अनुभव घेतला. खांड वर्षानुवर्षे न बुजल्यास शेतात कांदळवन उगवते, मग कायद्याच्या दृष्टीने ती जागा शेत राहत नाही आणि सातबारावर नाव असलेला शेतकरी आपल्याच जमिनीत पाय टाकायला बिचकतो. खारबांध राखण्यासाठी मुंबई राज्याने १९४८ मध्ये आणि महाराष्ट्राने १९७९ मध्ये कायदे केले. कायदा आहे, खाते आहे, तरी खांड बुजवण्यासाठी गावकऱ्यांना वर्गणी काढावी लागते अशी उदाहरणे दर पावसाळ्यात ऐकू येतात.

शेतकऱ्याने आपल्या मातीत दहा-वीस वर्षांनी फळ देणारी गुंतवणूक करावी, असे सांगणे सोपे आहे. ज्या तालुक्यांत ही खारजमीन आहे, त्याच तालुक्यांत जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू उतरला आणि त्याच वर्षी उरण, पनवेल, पेणमधील १२४ गावांसाठी नव्या शहराची अधिसूचना निघाली. सप्टेंबर २००८ मध्ये पेणच्या २२ गावांनी विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध सार्वमतात कौल दिला होता, त्यांतल्या अनेकांची शेते खारातच आहेत. उद्या मुरमाचा भराव पडणार की भात लावायचा, हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापुढे मातीतल्या स्फुरदाचा दीर्घकालीन विचार मांडताना थोडा संकोच वाटायला हवा.

सध्या बांध एका खात्याकडे, खत दुसऱ्याकडे, कांदळवन तिसऱ्याकडे आणि कार्बनची श्रेयपत्रे चौथ्याकडे आहेत. बायोचारच्या कंपन्या या चौघांना वगळून थेट गावात पोचू लागल्या तर त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या करारात भाजणीचे तापमान, कोळशाची क्षारता आणि तो ज्या जमिनीत जाणार तिचा सामू या तीन नोंदी सक्तीच्या करणे कृषी खात्याला आजही शक्य आहे. आणि खांडी बुजवायच्या तर त्या मेअखेरीच्या आत, कारण जूनच्या पहिल्या मोठ्या उधाणानंतर खारात माती टाकता येत नाही.